कान ‘तयार’ होत नसतात

हिप-हॉप वाजवणाऱ्या डीजेंची पत्रं सध्या सारखी येत आहेत. शब्द वेगळे, घोळ एकच. म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्यांच्यासाठी.

प्रश्न : सेटच्या वेळी (सलग गाणी वाजवताना) कानात कापूस घातला तर चालेल का?

नाही. कापसानं आवाज जेमतेम अडतो.

प्रश्न : सेट संपल्यावर कानात शिट्टी वाजते, कमी ऐकू येतं. सकाळी ठीक होतं. सीनियर म्हणतात, वर्षभरात कान तयार होतात. खरं आहे का?

साफ खोटं, आणि मी ते रोज ऐकतो. बोटांना घट्टे पडतात, कानांना पडत नाहीत. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. शिट्टी ही त्यांना मार बसल्याची खूण. सकाळी बरं वाटतं, पण म्हणून सगळं भरून आलं असं नाही. पुढे शिट्टीची सवय होते, ऐकू येणं कायमचंच थोडं उतरलेलं असतं, आणि त्यालाच मित्रमंडळी ‘तयार होणं’ म्हणतात.

माझ्याकडे आलेल्या एका डीजेची तक्रार होती की हाय-हॅट (ड्रमची झांज) बोथट वाजतो. म्हणून तो दर सेटला ट्रेबलचं, म्हणजे वरच्या पट्टीचं, बटण थोडं आणखी फिरवायचा. पुढच्या रांगेतले लोक कानांवर हात ठेवायचे, ते त्याला कळायचं नाही. श्रवणचाचणी केली. आलेखाची रेघ २००० हर्ट्झपर्यंत सरळ, ४००० ला खड्ड्यात, म्हणजे वरच्या पट्टीचं ऐकू येणं उतरलेलं. डावीकडचा खड्डा जास्त खोल. विचारलं, हेडफोन कुठल्या कानाला? डाव्या. खांद्यानं दाबून.

सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या हिप-हॉप डीजेनं पुढची रेकॉर्ड लोकांना ऐकवण्याआधी स्वतः हेडफोनवर ऐकायची सोय करून घेतली. ब्रेक, म्हणजे गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा, नेमका पकडायचा तर ते हवंच. पण हॉलमध्ये १०० डेसिबल चालू असताना हेडफोनमधलं ऐकू यावं म्हणून तुम्ही आवाज त्याच्याही वर नेता. आता हिशेब करा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. तुमचा सेट किती तासांचा असतो?

बूथचा मॉनिटर (तुमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) जवळ, कानाच्या उंचीवर घ्या आणि बीट जुळला की हेडफोन उतरवा. श्रवणचाचणी आत्ताच करून कागद जपून ठेवा, पुढे तुलना करायला तोच लागतो. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : फोमचे प्लग घातले की नुसता बेस ऐकू येतो, स्क्रॅच (रेकॉर्ड मागेपुढे फिरवल्याचा आवाज) कळत नाही. मग काढून टाकतो.

अडचण खरी आहे, उपाय चुकीचा. फोम वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापतो. वादकांसाठी फिल्टरचे प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात. फिल्टर ९, १५ आणि २५ डेसिबलचे असतात. ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा द्या आणि तुमच्या कामाला कुठला फिल्टर हवा ते त्यांनाच विचारा. साच्याआधी मळ तपासून घ्यायला सांगा.

प्रश्न : ‘महिन्यात शिट्टी बंद’ अशी जाहिरात असलेले थेंब मागवू का?

मागवू नका. शिट्टी हमखास बंद करणारा थेंब किंवा गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणूनच जाहिरातीत रुग्णांचे अनुभव भरपूर आणि चाचण्यांचा पत्ता नाही. पडद्याला भोक असेल तर असे थेंब अपायही करतील. शिट्टीचा त्रास कमी करायला समुपदेशन आणि ध्वनी-उपचार आहेत, ते तपासणीनंतर ठरतात.

प्रश्न : नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घातले की कान सुरक्षित?

नाही. ते मुख्यतः संथ घरघर कमी करतात. आत आवाज किती ठेवता ते महत्त्वाचं.

प्रश्न : पाच दिवसांपूर्वी उठलो तर एक कान बंद. मळ असावा. शनिवारी कार्यक्रम आहे, तो झाला की दाखवतो.

शनिवारची वाट पाहू नका. मळ असेल तर पाच मिनिटांचं काम. पण एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो. दोन आठवडे उलटले की आशा झपाट्यानं कमी होते, आणि तुमचे पाच दिवस गेलेच आहेत. दोन्ही आजार आतून सारखेच वाटतात, ते कानात पाहून आणि चाचणी करूनच ओळखता येतात. आजच जा. चक्कर येत असेल तर गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत घ्या आणि कान कधी बंद झाला तो दिवस डॉक्टरांना नेमका सांगा.