झाडं लावलेला फिश टँक दर पंधरा दिवसांनी पूर्ण धुवावा का?

नाही, अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की पंधरा दिवसांनी सगळं पाणी काढता, खडी नळाखाली खळखळून धुता, झाडं पुन्हा लावता, तरी दोन दिवसांत पाणी धुरकट होतं आणि एखादा मासा मरतो. माझ्या मते ते धुण्यामुळेच होतंय.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच. नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासे सोसतात, आणि झाडांचं तर ते खाद्यच. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही त्यांना पंधरा दिवसांपेक्षा जास्त देत नाही, आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन असतोच मुळी जंतू मारायला.

आठवड्यातून एकदा पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, एवढं पुरे. सायफनची, म्हणजे पाणी आणि गाळ बाहेर ओढणारी नळी मोकळ्या जागी खडीत खुपसा. झाडांच्या मुळाशी मात्र फक्त वरून फिरवा, तिथला गाळ हे त्यांचं खत आहे. फिल्टरचा स्पंज पाण्याचा जोर कमी झाला तरच काढा आणि टँकमधून काढलेल्या त्याच बादलीभर पाण्यात पिळा. साबण कशालाही लावू नका. नव्या पाण्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात अँटी-क्लोरीन घाला. थंडीत नळाचं गार पाणी तसंच ओतू नका, टँकच्या पाण्याइतकं कोमट करून घ्या.

शेवाळाचं म्हणाल तर आधी लाइट बघा. दिवसभर चालू ठेवत असाल तर ते सहा-सात तासांवर आणा, टायमर लावलात तर उत्तम. टँक खिडकीच्या उन्हात असेल तर हलवा. काचेवरचा थर पाणी काढण्याआधी जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा, म्हणजे सुटलेलं शेवाळ सायफनमधून निघून जातं. निळसर हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा पापुद्रा दिसला तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू आहेत. तो ओढून काढा आणि तीन दिवस टँक कापडाने झाकून पूर्ण अंधार करा. त्या दिवसांत हवेचा पंप चालू हवा.

झाडं सारखी उपटणं तर आधी थांबवा. क्रिप्टोकोरीन या झाडाची जागा हलली की पानं विरघळतात, लोक ते मेलं समजून फेकतात. मुळं राहू द्या, नवी पानं येतात. अनुबियस आणि जावा फर्नचा आडवा कंद खडीत पुरू नका, कुजतो. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. पिवळी पानं दिसली की लगेच कापा, कारण कुजणारं पानही अमोनियाच सोडतं. रोटालासारख्या उंच झाडांचे शेंडे छाटून तेच शेजारी खोचा, टँक भरगच्च होतो आणि जोमात वाढणारी झाडं शेवाळाचं खाद्य पळवतात.

छाटलेलं मात्र ओढ्यात किंवा नदीत टाकू नका, वाळवून कुंडीत घाला. मासेही कधी सोडू नका. टँकमधले सकर मासे आज उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात.