सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या खोट्या बातम्या अ‍ॅडमिनने डिलीट करणं ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी आहे का?

गळचेपी नाही. पण म्हणून दिसला मेसेज की उडव, असंही करू नये.

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधल्या एका मोठ्या सोसायटीचा ग्रुप तुम्ही सांभाळता, एक ज्येष्ठ सभासद रोज काहीबाही फॉरवर्ड करतात, तुम्ही त्यांचे दोन मेसेज काढल्यावर त्यांनी राज्यघटनेचं कलम 19 दाखवलं आणि ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले. मी इंदिरानगरात राहतो, बरीच वर्षं एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर होतो आणि आता आमच्या प्रभागाचा ग्रुप माझ्या गळ्यात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी काकांचं कलम. ते मुळात सरकारला लगाम घालायला आहे, आणि तुमचा ग्रुप म्हणजे सरकार नव्हे. मात्र त्याच कलमात काकांच्या बाजूचा एक मुद्दा आहे, तो त्यांनी काढला नसावा. 19(2) मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं दिली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. नुसतं ‘खोटं आहे’ हे कारण त्यात नाही. केंद्र सरकारने 2023 मध्ये आयटी नियम बदलून स्वतःच्या कारभाराविषयी काय खरं, काय खोटं हे ठरवणारा फॅक्ट चेक विभाग आणायचा घाट घातला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याविषयी बोललं जातंय तोच पंच, हा त्यातला मोठा आक्षेप होता. तुम्ही सोसायटीच्या कमिटीवरही असाल आणि मेसेज मेंटेनन्सच्या हिशेबाबद्दल असेल, तर हा आक्षेप तुम्हालाही लागू होतो बरं का.

मी स्वतः एकच प्रश्न विचारतो: या मेसेजमुळे कोणाच्या अंगावर हात पडू शकतो का? पडू शकत असेल तर चर्चा नाही, मेसेज लगेच काढायचा. 1 जुलै 2018 आठवा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने मारून टाकलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावात परभणीकडच्या पाच जणांवर तसाच संशय घेतला गेला; त्यांच्यात लहान मूलही होतं. तिथल्याच लोकांनी त्यांना आसरा दिला आणि पोलिसांनी जमावातून बाहेर काढलं, म्हणून ते वाचले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी फार तर पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्यामुळे अनोळखी माणसाचा फोटो आणि खाली ‘हा दिसला तर सोडू नका’, असं काही आलं तर मी खरं-खोटं तपासत बसत नाही. फोटो खऱ्या चोराचा असला तरी काढतो, आणि ज्यांना खरंच काही दिसलंय त्यांना 112 लावायला सांगतो.

बाकीचं खोटं मात्र मी काढत नाही. त्याच्याखाली, त्याच मेसेजला रिप्लाय करून, बरोबर काय ते लिहितो. डेस्कवर असताना एक गोष्ट रोज दिसायची: चुकीची बातमी पहिल्या पानावर चार कॉलम, खुलासा पाचव्या पानावर, जाहिरातीच्या बुडाशी दोन ओळी. बातमी वाचलेल्यांपैकी कितीजण तो बघत असतील? डिलीट केलं की तेवढाही खुलासा होत नाही. तुम्ही काढेपर्यंत निम्म्या लोकांनी वाचलेलं असतं, काहींनी सासरच्या ग्रुपवर पाठवलेलंही असतं. वर ‘काढलं म्हणजे नक्कीच खरं असणार’ हा संशय फुकट.

पावसाळ्यात आमच्याकडे हमखास येतो तो दुतोंड्या मारुतीचा फोटो. (नाशिकबाहेरच्यांसाठी: गोदाघाटावरच्या या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं की छातीला, यावर आम्ही पूर मोजतो.) गंगापूर धरणातून जरा विसर्ग सुरू झाला की तासाभरात मारुती गळ्यापर्यंत बुडालेला फोटो येतो, बहुतेक वेळा 2016 किंवा 2019 च्या पुराचा, आणि खाली ‘आत्ताची परिस्थिती, सराफ बाजारात पाणी शिरलं’. आईला घेऊन पंचवटीतल्या दवाखान्यात निघालेलं कोणीतरी तो बघून अर्ध्या वाटेतून परत फिरतं. अशा वेळी ग्रुपमधल्या, त्या बाजूला दुकान असलेल्या कोणालातरी मी टॅग करतो: ‘भाऊ, होळकर पूल दिसेल असा आत्ताचा एक फोटो टाका.’ सोबत जलसंपदा विभागाचा आकडा देतो, किती क्युसेक आणि किती वाजताचा. वेळ लिहायचीच, कारण सकाळचा खरा आकडा संध्याकाळी खोटा झालेला असतो. जुना फोटो वर राहतो, नवा त्याच्या खाली. कोणाचं नाव घेऊन टोमणा मारायचा नाही, ‘काका, परत?’ असंही नाही.

आणि दोष नेहमी काकांचाच असतो असं थोडंच आहे? 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदी आली. पुढच्या 18 फेब्रुवारीच्या सुमारास बंदी उठवल्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या, चांगल्या नामांकित ठिकाणी. लासलगावला 17 तारखेला क्विंटलला 1,280 रुपये असलेला सर्वसाधारण दर 19 तारखेला 1,800 झाला. 20 तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही. ती उठली मे महिन्यात. मधल्या दोन दिवसांत 1,800 ने माल उचललेल्या व्यापाऱ्याला कोणता फॅक्ट चेक उपयोगी पडणार होता? आमच्या ग्रुपवर निफाडकडचे बरेच जण आहेत, तिथे मी एवढंच विचारत होतो: ‘विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली का? तिची पीडीएफ कोणाकडे आहे का?’ नव्हती कोणाकडेच. शेजारच्याच एका ग्रुपवर अ‍ॅडमिनने ‘राजकारण नको’ म्हणून कांद्याचा विषयच बंद केला. ते मला त्या खोट्या बातमीपेक्षा वाईट वाटलं.

कारण आपल्याकडे हे ग्रुप म्हणजे नुसती करमणूक राहिलेली नाही. मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि पुढे काही वर्षं प्रभागाला नगरसेवकच नव्हता. घंटागाडी आली नाही, पाणी कमी दाबाने आलं, कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांना नोटीस लागली, की लोक बोलणार कुठे? ग्रुपवरच. तिथे माणसाला वाटलं की चुकीचं बोललो तर मेसेज उडेल आणि चारचौघांत शोभा होईल, तर तो चूक बोलायचा थांबत नाही, बोलायचाच थांबतो. मग ग्रुपवर उरतात वाढदिवस आणि गुड मॉर्निंग.

काकांना खोटारडं समजू नका, एवढं मात्र सांगतो. एमआयटीच्या संशोधकांनी 2006 ते 2017 मधल्या ट्विटरवरच्या बातम्या तपासून 2018 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले: खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त, आणि हे यंत्रांमुळे नव्हे, माणसांमुळे. खोट्यात नवलाई जास्त असते. काकांनाही सगळ्यांच्या आधी सांगायचं असतं, बस.

राहिली पोलिसांची भीती. मार्च 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टला, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिन जबाबदार नाही. पण तेव्हा अ‍ॅडमिनच्या हातात मुख्यतः माणसं घेणं-काढणं होतं. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढायची सोय 2022 मध्ये आली. उद्या कोणी विचारलं की ‘सोय होती, मग का नाही काढला’, तर त्या निकालावर किती विसंबायचं, हे वकिलाला विचारून ठेवा. माझ्यापुरतं मी एक पथ्य पाळतो: मेसेज काढला की लगेच ग्रुपवरच कारण लिहितो. ‘रात्री 9.40 चा मेसेज काढला. त्यात एका माणसाचा फोटो चोर म्हणून होता. हरकत असेल तर इथेच बोला.’ हरकती येतात. येऊ द्या.