मोठी क्रूझ जहाजे काही बंदरांच्या धक्क्याला का लागत नाहीत? वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझी मुलगी क्रूझ जहाजावर नोकरीला आहे. ग्रीसमधील सँटोरिनी बेटाजवळ जहाज समुद्रातच उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, असे ती सांगते. तेथे पाणी उथळ आहे काय? (एक शेतकरी, ता. तिरोडा, जि. गोंदिया)

उत्तर : परिस्थिती नेमकी उलट आहे. ज्वालामुखी खचून तयार झालेल्या कुंडात तेथे समुद्र शिरलेला असून त्याची खोली काही ठिकाणी ३०० मीटरहूनही अधिक आहे. उभ्या कड्यांच्या पायथ्याशी एवढ्या जहाजाजोगा धक्का नाही आणि तळ फार खोल असल्याने बहुतेक जागी नांगरही टाकता येत नाही. म्हणून जहाज इंजिनांच्या बळावर जागा धरून राहते. उथळपणा हे अशा अडचणीचे एक कारण असते, एकमेव नव्हे.

प्रश्न : अडीच लाख टनांचे जहाज पाण्यात किती खोल बसते? बंदरातील गाळ उपसला की काम भागत नाही का? (एक विद्यार्थी, पवनी, जि. भंडारा)

उत्तर : आधी एक समजूत दुरुस्त करायला हवी. २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’चे ग्रॉस टनेज सुमारे २,४८,६६३ आहे; परंतु हा आकडा वजनाचा नसून जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचा निर्देशक आहे. हे सुमारे ३६५ मीटर लांबीचे जहाज पाण्याखाली जेमतेम सव्वानऊ मीटर असते, तर मोठ्या कंटेनर जहाजाला पूर्ण भारात सुमारे १६ मीटर पाणी लागते.

खरी अडचण पाण्यावरच्या भागाची आहे. वीसेक मजल्यांची ही भिंत वारा अडवते, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. खळ्यावर वावटळीत ताडपत्री धरून उभे राहिलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. नाळेजवळील, म्हणजे पुढच्या टोकाजवळील, पाण्याखालचे आडवे पंखे आणि मागील बाजूचे फिरते प्रोपेलर जहाजाला कडेला सरकवतात. तरीही अरुंद बंदरात वारा वाढला, तर कप्तान धक्क्याला लागण्याचे टाळतो, आणि तेच योग्य आहे. शिवाय जहाज वळवायला त्याच्या लांबीहून बराच रुंद मोकळा पाणपट्टा हवा, दोर बांधायचे खुंट तो ताण सोसणारे हवेत आणि धक्काही पुरेसा लांब हवा. यांतले काहीही केवळ गाळ उपसून मिळत नाही, आणि उपसलेला गाळ पुन्हा साचतो, तो वेगळाच.

प्रश्न : पुलांमुळेही जहाजे अडतात, हे खरे आहे का? (एक शिक्षिका, जि. यवतमाळ)

उत्तर : होय. अमेरिकेतील टॅम्पा बंदराच्या वाटेवरील सनशाइन स्कायवे पुलाखाली सुमारे ५५ मीटर उंचीची वाट आहे, त्यामुळे आजची सर्वांत मोठी क्रूझ जहाजे तेथे जाऊच शकत नाहीत. २००९ मध्ये ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ हे पाण्यावर ७२ मीटर उंच असलेले जहाज डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून बाहेर पडले. पुलाखालची वाट होती ६५ मीटर उंचीची. त्यासाठी धुराडी खाली सरकवली आणि वेगही वाढवला, कारण उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज थोडे अधिक खाली बसते. त्या तंत्रज्ञांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

काही ठिकाणी मात्र अडथळा कायद्याचा असतो. व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यातून २५,००० ग्रॉस टनेजहून मोठ्या जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. शहराचे पाये आणि तेथील खाजण जपायचे, तर हा निर्णय आवश्यकच होता.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीचे आहोत, पत्नीचे गुडघे दुखतात. मुलगा क्रूझ सहलीचे तिकीट काढतो आहे. काय पाहावे? (एक निवृत्त कर्मचारी, जि. वाशीम)

उत्तर : कार्यक्रमपत्रिकेत ज्या बंदरासमोर ‘टेंडर’ असे लिहिलेले असेल, तेथे लहान बोटीने जावे लागते. लाटांमुळे बोट आणि जहाजाची फळी एकसारख्या वर-खाली होत नाहीत, त्यामुळे चढ-उतार करताना गुडघ्यांना त्रास होतो; चाकाच्या खुर्चीला तर तेथे अनेकदा परवानगीच मिळत नाही. शक्यतो सर्व बंदरांत धक्क्याला लागणारी सहल निवडावी आणि कंपनीकडून तसे लेखी विचारून घ्यावे.