आधी पन्नास मीटर

प्रिय पोरी,

"सर, मले बॉबस्लेड करायचं हाय," हा तुझा मेसेज वाचला. बर्फाच्या उतरत्या ट्रॅकवरून सुसाट सुटणाऱ्या गाडीचा हा खेळ, आणि गारपीट झाली तरच बर्फ दिसणारं आपलं गाव. तरी मी हसलो नाही. शंभर मीटरमध्ये तू ऐंशीनंतर मागे पडतेस, हे तुझं दुखणं मला ठाऊक आहे. या खेळात ऐंशीनंतरचं कोणी विचारत नाही.

शंकरपट तू लहानपणापासून पाहतेस. सेकंदाच्या शंभराव्या भागावरून तिथे वाद होतात, तसंच इथेही. २०१८ च्या प्यॉंगचांग ऑलिंपिकमध्ये दोघांच्या बॉबस्लेडमध्ये जर्मनी आणि कॅनडा यांची चार फेऱ्यांची बेरीज सारखीच निघाली, ३ मिनिटं १६.८६ सेकंद. सुवर्ण दोघांनाही द्यावं लागलं. इथल्या धुरकऱ्याला पायलट म्हणतात. तिच्या हातात कासऱ्यासारख्या दोन दोऱ्या असतात. फरक एवढाच की इथे बैल तुम्हीच. दीड क्विंटलच्या वरची गाडी दोघींनी जवळपास पन्नास मीटर ढकलत पळायचं, उडी मारून आत बसायचं, मग उतार नेईल तिकडे. सुरुवातीला हुकलेला सेकंदाचा दहावा भाग खाली पोचेपर्यंत वाढत जातो.

तू मागची हो, ब्रेकवुमन. मान खाली घालून बसायचं, दिसत काहीच नाही. ब्रेक ओढायचा तोही शेवटची रेष ओलांडल्यावरच. पायलट व्हायचं तर एकेक ट्रॅक पाठ व्हायला वर्षं जातात, आणि भारतात बॉबस्लेडचा ट्रॅक नाही. मागचीला मात्र लागतात मांड्या आणि वेग. ते मुरमाच्या रस्त्यावरही कमावता येतात. हिमाचलचे शिवा केशवन ल्यूजचा, म्हणजे पाठीवर झोपून बर्फावरून घसरायच्या छोट्या गाडीचा, सराव डोंगरातल्या डांबरी रस्त्यांवर चाकं लावून करायचे. सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले.

उशीर झाला असं मनात आणू नकोस. अमेरिकेच्या लॉरिन विल्यम्सने २००४ मध्ये अथेन्सला शंभर मीटरचं रौप्य घेतलं, २०१२ मध्ये रिलेचं सुवर्ण, आणि २०१४ मध्ये सोचीला बॉबस्लेडचं रौप्य. तेव्हा ती तिशीत होती. म्हणून धावणं सोडू नको. पोलीस भरतीचा फॉर्मही भर. (तुझ्या आईला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखव.)

तुझे बाबा दोन एकर वावर विकायचं म्हणतात, असं कानावर आलं. विकू देऊ नको. गाडी संघाची असते, मागचीने ती विकत घ्यायची नसते. पैसे लागलेच तर प्रवासाला लागतील, आणि ते वावर विकून उभे करायचे नसतात. कास्तकाराच्या घरात एकदा गेलेलं वावर परत येत नाही.

आणखी एक. ताशी एकशे तीस किलोमीटरवर गाडी उलटते, बऱ्याचदा उलटते. डोक्याला मार बसला, गरगरलं, तर लपवायचं नाही. माझ्या तरुणपणी मांडीचा स्नायू फाटलेला असताना एका प्रशिक्षकाने "काई होत नाई" म्हणत मला पळवलं. मीही मुकाट पळालो. तो पाय अजून थंडीत ठणकतो. डोक्याचं तर याहून वाईट.

रविवारी सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर ये. वेल्डिंगवाल्याकडून जुन्या हातगाडीला मागून आडवा दांडा लावून घेतलाय. तुरीची दोन पोती तुझ्या घरून आण, माझी तूर विकून झाली.

तुझे,
पीटीचे सर