चार वर्षांचा करार आणि सोळा वर्षांचा मुलगा

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका आईचं पत्र आलंय. बरंच लांब आहे, त्यातला मधला भाग तिच्याच शब्दांत देते:

"काकू, आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, यंदा ज्युनियरला, म्हणजे अकरावीला. शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये रनिंग बॅक आहे. कोच म्हणतात, कॉलेजची ऑफर येऊ शकते. तो म्हणतो, मला प्रो व्हायचंय, बाकी काही नको. बाबांनी ट्रेनरचे पैसे बंद केलेत. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आपण इतक्या लांब आलो ते मुलानं डोकं फोडून घ्यावं म्हणून का? मी आजवर त्याची एकही मॅच पाहिलेली नाही, मला बघवतच नाही. शिवाय सांगलीला सासूबाई..."

त्या 'शिवाय'नंतर आणखी चार काळज्या आहेत. त्यांच्याकडे शेवटी वळू.

अगं, तुझ्या जिवाची घालमेल मला कळते. आपण सगळे एका डिग्रीच्या जोरावर इथे आलो, त्याच डिग्रीनं व्हिसा दिला, घर दिलं, म्हणून मुलानं दुसऱ्या वाटेकडे पाहिलं की आपल्या पोटात गोळा येतो. पण ट्रेनरचे पैसे बंद केले, हे मात्र मला अजिबात पटलं नाही. नाराजी कळवायची ही आपली जुनी पद्धत. पैसे थांबवायचे, तोंड फिरवायचं आणि समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. त्यानं काय समजून घेतलं असेल? बाबांना माझ्याशी बोलायचं नाही, एवढंच.

हे सदर वाचणाऱ्यांना माझा हेका ठाऊक आहे, आणि आज तो मी पुन्हा धरणार आहे. पैशाचं बोलणं मुलांसमोर करा. जेवणाच्या टेबलावर, कागद पुढ्यात ठेवून, खरे आकडे घेऊन. डॉटकॉमच्या पडझडीत यांची नोकरी गेली, तेव्हा आमची मुलं शाळेत होती. त्याच आठवड्यात यांनी मॉर्गेजचे कागद, बँकेतली शिल्लक आणि महिन्याचा खर्च मुलांपुढे मांडला. मुलगी कोपऱ्यात जाऊन रडली, पण दोन वर्षांनी खाजगी कॉलेज सोडून स्टेट युनिव्हर्सिटी तिनं स्वतः निवडली. आम्हाला एक शब्द बोलावा लागला नाही. सोळाव्या वर्षी मुलांना आकडे कळतात. आपण सांगत नाही, एवढंच.

आणि आकडे समोर ठेवून बोलायला रनिंग बॅकच्या कारकिर्दीइतका चांगला विषय सापडणार नाही.

तू मॅच पाहिलेली नाहीस, म्हणून आधी थोडं समजावते. क्वार्टरबॅक चेंडू हातात देतो, पुढचे धिप्पाड लाइनमन फट पाडतात, आणि तुझा मुलगा त्या फटीत घुसतो. कबड्डीतल्या चढाईसारखंच, फक्त पकडायला समोर अकरा जण, आणि त्यांतले काही सव्वाशे-दीडशे किलोचे. तुमच्या घराशेजारच्या डॅलस काउबॉइजचा एमिट स्मिथ १५ हंगामांत ४,४०९ वेळा चेंडू घेऊन या गर्दीत शिरला आणि १८,३५५ यार्ड धावला. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण १५ हंगाम खेळणारा असा विरळाच. खेळाडूंच्या संघटनेचा नेहमी सांगितला जाणारा आकडा असा, की या जागेवरच्या खेळाडूची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास असते. आणि एनएफएलच्या, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगच्या, पेन्शनला पात्र व्हायला तीन हंगाम लागतात. हे दोन आकडे त्याला कागदावर शेजारी शेजारी लिहायला सांग.

आता कराराकडे ये. शाळा संपल्यावर तीन वर्षं गेल्याशिवाय कोणी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, उतरू शकत नाही, म्हणजे मुलगा पोचेपर्यंत एकविसाचा होतो. ड्राफ्टमध्ये निवडला गेला तर पहिला करार चार वर्षांचा. २०११ पासून त्याची रक्कम कितव्या क्रमांकावर निवड झाली त्यावरच जवळजवळ ठरलेली असते, आणि तीन हंगाम पुरे होईपर्यंत ती वाढवून मागता येत नाही. पहिल्या फेरीत निवड झाली असेल तर संघ पाचवं वर्षही आपल्याकडे ठेवू शकतो. त्यानंतर फ्रँचायझी टॅग लावून, म्हणजे ठरलेल्या रकमेवर अडकवून ठेवून, आणखी एक वर्ष. धावणाऱ्याचे पाय सर्वांत ताजे असतात ते याच वर्षांत. करार मोकळा होईपर्यंत तो पंचवीस-सव्वीसचा झालेला असतो, आणि संघ म्हणतो, याचे गुडघे आता वापरून झाले. २०२३ मध्ये रनिंग बॅकचा टॅग साधारण १ कोटी डॉलरचा होता आणि क्वार्टरबॅकचा ३ कोटींच्या वर. त्या उन्हाळ्यात देशातले मोठे मोठे रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र जमले, ते हेच गाऱ्हाणं घेऊन.

१ कोटी डॉलर ऐकून बाबांचे डोळे विस्फारतील. म्हणून त्यांना टॉड गर्लीची गोष्ट सांग. २०१५ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला, २०१७ मध्ये लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, २०१८ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलरचा नवा करार झाला, त्यातले ४.५ कोटी हमीचे. करार मोठा असला तरी हमीचा आकडा वेगळा असतो, हे मुलाला इथेच शिकव. गुडघा कुरकुरायला लागला आणि २०२० च्या मार्चमध्ये त्याच्या संघानं, रॅम्सनी, त्याला सोडून दिलं. वय पंचवीस. अटलांटाकडून एक हंगाम खेळला, आणि त्यानंतर पुन्हा मैदानात दिसला नाही. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस ड्राफ्टमध्ये १९६ वा होता. १९९८ मध्ये त्यानं एका हंगामात २,००८ यार्ड काढले, लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले, आणि पुढच्याच वर्षी गुडघ्याचे लिगामेंट फाटले. सगळ्या कारकिर्दीत मिळून नियमित हंगामाचे ७८ सामने. २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे गुणांची कमी मुळीच नव्हती.

मी फक्त वाईटच सांगते असं मुलानं म्हणू नये. सक्वॉन बार्कलीचं उदाहरण तो तुझ्या तोंडावर फेकेल, आणि ते खरंच आहे. २०२० मध्ये गुडघा गेला, २०२३ मध्ये टॅगच्या भांडणात मन विटलं, आणि २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला जाऊन पठ्ठ्यानं २,००५ यार्ड काढले आणि आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी सुपर बोल जिंकला. हेही कागदावर लिहा. मुलाला दोन्ही बाजूंचे आकडे दिसले पाहिजेत, नाहीतर तो तुमच्या कागदावर विश्वास ठेवणार नाही.

एमिट स्मिथकडे मी पुन्हा येते, कारण करार कसा करायचा हे त्यानं दाखवलं. १९९३ मध्ये संघ सुपर बोल जिंकून आलेला, याचा पहिला करार संपलेला, आणि मालक हवे तेवढे पैसे देईनात. हा घरी बसला. काउबॉइज पहिले दोन्ही सामने हरले, मग करार झाला, आणि त्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोलचाही. चोवीस वर्षांच्या पोराला आपली किंमत नेमकी ठाऊक होती. आणि दुसरी गोष्ट. तो फ्लोरिडा युनिव्हर्सिटीतून तीन वर्षांनी बाहेर पडला, तेव्हा डिग्री पुरी करीन असं त्यानं आईला वचन दिलं होतं. तीन सुपर बोल जिंकून झाल्यावर, १९९६ मध्ये, त्यानं ती घेतली. ट्रेनरचे पैसे थांबवून नाही, अशा वचनानं मुलं बांधली जातात. तसं वचन तू मागू शकतेस, पण आधी त्याच्या बाजूनं उभी राहा, मग माग.

बाबांना आवडेल असा माणूस रॉबर्ट स्मिथ, मिनेसोटाचा. याला लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं. ओहायो स्टेटमध्ये अभ्यास की सराव यावरून प्रशिक्षकांशी वाजलं, तर १९९१ चा अख्खा हंगाम त्यानं सोडून दिला. पुढे एनएफएलमध्ये २००० साली १,५२१ यार्ड काढले, करार मोकळा झाला, मोठी रक्कम दारात उभी होती, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी यानं निवृत्ती घेतली. धडधाकट पायांनी बाहेर पडला. खेळाचं वेड आणि डोकं एका माणसात नांदतात, हे बाबांना कळू दे.

माझा धाकटा मामा कबड्डी खेळायचा. जिल्ह्यातून राज्याच्या संघात गेला, आणि खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला. बत्तिसाव्या वर्षी गुडघा कायमचा गेला, पण नोकरी होती, क्वार्टर होतं, पुढे पेन्शन आलं. आमच्या आजीनं त्याला कधी अडवलं नाही, कारण खेळामागे नोकरी उभी आहे हे तिला ठाऊक होतं. इथे ती सोय नाही. अमेरिकेत कुठलीही रेल्वे, कुठलीही बँक तुझ्या मुलाला पायांसाठी कामावर घेऊन मग टेबलावर बसवणार नाही. ती नोकरी त्यालाच, खेळता खेळता, तयार करायची आहे. मामाचे पाय ज्यांनी चोळले त्या माझ्या आईला एवढ्या एका गोष्टीनं झोप लागायची, म्हणून मी यावर इतकी अडून बसते.

तेव्हा या रविवारी टेबलावर बसा, तिघंही. त्याला प्रश्न विचारायला शिकवा, कारण पहिला करार एकविसाव्या नाही, अठराव्या वर्षीच येऊ शकतो. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू आपल्या नावावर पैसे कमावू शकतात, आणि २०२५ पासून मोठी कॉलेजेस थेटही पैसे देतात. स्कॉलरशिप एका वर्षाची की चार? गुडघा गेला तरी चालू राहते का? मध्येच शिक्षण सुटलं तर परत येऊन पुरं करता येतं का, आणि खर्च कोणाचा? डिव्हिजन थ्री या खालच्या श्रेणीतल्या कॉलेजांत आणि हार्वर्ड-येलसारख्यांच्या आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, हेही आधीच माहीत असू दे. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकील दाखवा, आणि तो वकील कॉलेजनं सुचवलेला नको. पुढे एजंट आला तर एनएफएल करारावर त्याला ३ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, पण बाहेरच्या बऱ्याच राज्यांत सामने खेळले की तिथला कर लागतो. असले हिशेब त्याला स्वतः करू दे. कॉलेजमधून एनएफएलपर्यंत पोचणारे शंभरात दोनही नसतात, आणि हे त्याचं त्यानं शोधून काढलं तर तुमच्या शंभर उपदेशांहून जास्त रुजेल.

डोक्याच्या दुखापतीचं मी हलक्यानं घेत नाही. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांतून होणारा सीटीई हा आजार आजही माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच पक्का ठरवता येतो, म्हणून 'चाचण्या चांगल्या आल्या' यावर विसंबू नका. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे डोक्याला मार बसल्याचा संशय आला की शाळेनं त्याला लगेच बाहेर काढायचं असतं, आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळवायचं नाही. तो डॉक्टर तुमचा असू दे. आणि चक्कर आली, उजेड सहन झाला नाही, तर मुलगा ते कोणाला सांगेल? ज्या आईनं मॅचच पाहिली नाही तिला? म्हणून तुला शुक्रवारी रात्री स्टेडियममध्ये जायलाच हवं. डोळे मिटून बसलीस तरी चालेल, पण जा. आणि 'हे आपल्या लोकांचं काम नाही' हे वाक्य घरात बंद कर. वडिलांकडून भारतीय असलेला ब्रँडन चिलर ग्रीन बे पॅकर्सच्या सुपर बोल जिंकणाऱ्या संघात होता, आणि संजय लाल यांनी कित्येक वर्षं एनएफएलमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केलंय.

आता बाकीचं पटकन. सासूबाई फोनवर "पोराला सांभाळता आलं नाही" म्हणतात, त्यांना उत्तर मुलानंच द्यावं. आजी नातवाचं ऐकतात, सुनेचं नाही. मराठी बोलत नाही म्हणतेस, तर हाच फोन रोज करायला लाव. कोचनं मांसाहार सांगितलाय आणि घरात चालत नाही, तर बाहेर खाऊ दे, किंवा घरात अंडी, पनीर, डाळी, सोयाबीन यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून मोजून घे. खेळाडूचं पोट वरण-भातानं भरत नाही. पुतण्याची मुंज मे महिन्यात आहे आणि तेव्हाच स्प्रिंगचा सराव, तर तुम्ही दोघं जाऊन या, त्याला मित्राच्या घरी ठेवा. आणि ट्रेनरचे थकलेले पैसे या आठवड्यातच देऊन टाका, बाबांनी स्वतःच्या हातानं, मुलाच्या देखत.