‘शरीरदुर्गंधी’ की ‘अंगाचा वास’?

सोलापुरातल्या एका शाळेत आरोग्याचा तास घेणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी त्या चार पानांचं पत्रक लिहितायत. ‘बॉडी ओडर’साठी ‘शरीरदुर्गंधी’ हा शब्द वापरला, तर वर्गात मुलं एकमेकांकडे बोटं दाखवायला लागली आणि एक मुलगी मान खाली घालून बसली ती तास संपेपर्यंत वर बघेना. ‘घामाचा वास’ म्हणावं, तर विज्ञानाचे सर म्हणतात ते बरोबर नाही. शिवाय एका जुन्या पुस्तकात त्यांना ‘अंगाचा उग्र दर्प’ असं सापडलं. दर्प म्हणजे गर्व, मग तो अंगाला कसा येईल?

ताई, सरळ ‘अंगाचा वास’ लिहा. व्याख्या द्यायची असेल तिथे ‘शरीरगंध’ चालेल. ‘दुर्गंधी’ मात्र काढून टाका. त्या मान खाली घातलेल्या मुलीसाठी तर काढाच, पण हा शब्द अर्थानेही तिथे बसत नाही.

विज्ञानाच्या सरांचं म्हणणं खरं आहे. मे महिन्यात नवी पेठेतून भर दुपारी चालत निघालं की पाठीवरून जो घाम निथळतो, ते जवळजवळ नुसतं खारं पाणी असतं. तो एक्राइन ग्रंथींतून येतो. या ग्रंथी अंगभर असतात, वीस ते चाळीस लाख, आणि त्यांचं मुख्य काम अंग गार ठेवणं. वासाचं मूळ दुसऱ्या ग्रंथींत आहे. त्या अपोक्राइन, मुख्यतः काखेत आणि जांघेत. त्या जन्मापासून असतात, पण कामाला लागतात मूल वयात येताना, म्हणजे नेमकं तुमच्या सातवी-आठवीत. त्यांतून दाटसर, स्निग्ध स्राव येतो, आणि ताजा असताना त्यालाही वास नसतो. काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास तयार होतो. कोरिनेबॅक्टेरियम जातीचे जिवाणू उग्र वासाची आम्लं मोकळी करतात. स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा जिवाणू गंधकाचं एक संयुग मोकळं करतो, त्याचा वास चिरलेल्या कांद्यासारखा येतो. म्हणजे स्राव आपला आणि वास दोघांचा मिळून.

मराठीची वाक्यरचना मला इथे फार आवडते. आपण ‘अंगाला वास येतो’ म्हणतो. अंग वास करत नाही, सोडत नाही, अंगाला तो येतो, जसा घाम येतो, ताप येतो. त्यात कुणाचा दोष नाही.

दोष नाही हे नुसतं समजुतीचं बोलणं नव्हे. एबीसीसी११ नावाचं एक जनुक आहे. त्यातल्या एका अक्षराच्या फरकाने कानातला मळ ओला राहणार की कोरडा हे ठरतं, आणि काखेला वास येणार की जवळजवळ नाहीच, हेही. कोरियात बहुतेकांचा मळ कोरडा असतो आणि काखेला वास फारसा नसतो. तिथली मुलं जास्त स्वच्छ असतात म्हणून नव्हे, त्यांना ते जनुक तसं मिळालंय म्हणून. जी गोष्ट आईबापांकडून रक्तात येते तिला पत्रकाच्या मथळ्यातच ‘दुर्’ लावणं मला पटत नाही.

आता शब्दाकडे. वासाच्या शब्दांची एक खोड आहे, ते हळूहळू घसरतात. ‘घाण’ घ्या. मूळ संस्कृत ‘घ्राण’, म्हणजे वास घेणं, वास घेणारं इंद्रिय, नाक. प्राकृतात त्याचं ‘घाण’ झालं, आणि मराठीत येईतो नाक गेलं, चांगला वास गेला, नुसती दुर्गंधी उरली. पुढे डोळ्यांना दिसणारा कचराही घाणच झाला. तरी ‘तोंडाला घाण येते’ म्हणताना आपण अजून वासाबद्दलच बोलत असतो.

ही घसरण बघायला सोलापूरसारखं गाव नाही, कारण इथे एका गल्लीत तीन भाषा नांदतात. कन्नडात ‘कंपु’ म्हणजे सुगंध, ‘मल्लिगेय कंपु’ म्हणजे मोगऱ्याचा दरवळ. तोच ‘कंपु’ तेलुगूत दुर्गंध. पूर्व भागातल्या तुंबलेल्या गटाराजवळ ‘कंपु कोडुतोंदि’ ऐकू येतं, शब्दशः ‘कंपु मारतोय’. आपणही ‘वास मारतोय’च म्हणतो. तमिळमधल्या ‘नाट्रम’ची गतही हीच, एके काळी सुवास, आज दुर्गंध.

‘वास’ हा शब्द मात्र मराठीत अजून मधल्या पायरीवर उभा आहे. भाजीला वास आला म्हणजे ती गेली. पण वासाचं तेल, वासाचा तांदूळ, वासाची फुलं म्हटलं की त्याच शब्दात कौतुक असतं. चांगला की वाईट हे सोबतचे शब्द ठरवतात. तुम्हाला हवा तो तटस्थ शब्द हाच. त्याला ‘दुर्गंधी’च्या रांगेत बसवलं तर तोही ‘घाण’च्या वाटेने जाईल.

अंगाच्या वासाचा उपयोग काय, हेही पत्रकात यावं असं मला वाटतं. आमच्या घरी वडील यंत्रमागाच्या कारखान्यातून डागी निघालेले टॉवेल आणायचे. चार भावंडांचे चार टॉवेल, एकाच मागावरचे, त्याच निळ्या काठाचे. दोरीवरून खाली पडले की भांडण ठरलेलं. आई येऊन एकेक नाकाला लावायची आणि वाटून टाकायची, “हा थोरल्याचा, हा तुझा.” माझ्या टॉवेलाचं एक टोक उसवलेलं होतं, त्यामुळे मला पडताळता यायचं. ती चुकल्याचं मला आठवत नाही. पुढे वाचनात आलं की हा प्रयोग रीतसर झालेला आहे. आपल्या मुलांनी घातलेले सदरे नुसत्या वासावरून ओळखायला सांगितलं, तर बहुतेक आयांना ते जमलं. आठवडाभराचं अंगावर पिणारं बाळही दुसऱ्या बाईच्या दुधाच्या कापडापेक्षा आपल्या आईच्या कापडाकडे मान वळवतं. आपलं माणूस ओळखणं, हा या वासाचा सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपयोग.

जोडीदार निवडण्याबद्दल बरंच बोललं जातं. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे झालेल्या प्रयोगात, आपल्यापेक्षा वेगळी प्रतिकारशक्तीची जनुकं असलेल्या पुरुषांच्या सदऱ्यांचा वास स्त्रियांना जास्त आवडला होता. पुढच्या प्रयोगांत कधी तसं दिसलं, कधी नाही. ‘फेरोमोन’ म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं आणि त्याच्याच जातीच्या दुसऱ्याचं वागणं बदलणारं रसायन. माणसातलं ‘फेरोमोन’ म्हणून एकही रसायन अजून सिद्ध झालेलं नाही. अत्तरांच्या बाटल्यांवर काहीही छापलेलं असो, मुलांना हे सांगाच.

आणि इथे ‘घ्राण’ परत येतो. रामायण-महाभारतात वडीलधारी माणसं मुलाला भेटली की त्याचं मस्तक हुंगतात, आणि त्यासाठी शब्द येतो ‘उपाघ्राय’. धातू तोच, घ्रा. बाळाच्या तेल घातलेल्या टाळूला आपण अजूनही नाक लावतो. ज्या शब्दाने माया सांगितली जायची, त्याचंच पोर आज उकिरड्यावर बसलंय, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

राहिला ‘दर्प’. संस्कृतात तो गर्वच, पण आपट्यांच्या संस्कृत कोशात त्याचा एक अर्थ कस्तुरी असाही दिला आहे. शेजारी ‘मद’ ठेवून बघा. मद म्हणजे उन्माद, ताठा. मद म्हणजे माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा स्राव. आणि मृगमद म्हणजे कस्तुरी, नर कस्तुरीमृगाच्या नाभीजवळच्या ग्रंथीतली. जनावराचा माज आणि त्याच्या अंगाचा वास लोकांनी एकत्रच अनुभवला, म्हणून दोन्हींना एक शब्द. ‘दर्प’ही त्याच वाटेने वासाकडे आला असावा असं माझं मत आहे. मराठीत तो नाकात घुसणाऱ्या तीव्र वासाला म्हणतात, वाईटच असं नाही. हिंगाचा दर्प असतो, केवड्याचाही. पण आठवीच्या मुलांना तो जड जाईल, तेव्हा पत्रकात नको.

‘कुबट’ही टाळा. तो न वाळलेल्या कपड्यांसाठी आहे. ‘घामट’ चालेल, पण कपड्यापुरता, माणसाला लावू नका.

मी लिहिलं असतं तर असं: “वयात येताना काखेतल्या ग्रंथी काम करू लागतात, त्यामुळे अंगाला वास येऊ लागतो. प्रत्येकाच्या अंगाचा वास वेगळा असतो. घाम अंगावर आणि कपड्यांत साचून राहिला की जिवाणू वाढतात आणि वास उग्र होतो. रोज काख साबणाने धुवावी, पुसून कोरडी करावी, धुतलेला सदरा घालावा.” शेवटच्या वाक्यात ‘काख’च्या जागी ‘खाक’ लिहिलंत तरी माझी हरकत नाही, आपल्याकडची बरीच मुलं घरी तेच म्हणतात.