वाचकांचे प्रश्न : विमानांचे छायाचित्रण आणि त्यावरचे पोट

विमानांच्या छायाचित्रणाविषयी या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे नाशिक जिल्ह्यातील आहेत, याचे नवल वाटायला नको. ओझरचा एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला आणि मिगपासून सुखोईपर्यंतच्या लढाऊ विमानांचा आवाज इथल्या तीन पिढ्यांच्या कानांत आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली, तेव्हापासून या पत्रांचा ओघ वाढला आहे. सर्व पत्रांना उत्तर देणे शक्य नसल्याने पाच निवडली आहेत.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. गच्चीवर उभा राहून तो सुखोईचे फोटो काढतो आणि आता मोठी लेन्स मागतो आहे. असे फोटो काढलेले चालतात का? आणि पुढे यात नोकरी मिळते का? (एक पालक, ओझर)

उत्तर : कायद्याचा भाग आधी घेतो, कारण लेन्सपेक्षा तो महत्त्वाचा आहे. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने विमानतळावर आणि उडत्या विमानातून छायाचित्रे घेण्यावर परवानगीचे बंधन घातले होते, आणि आपल्याकडील विमानतळांची आजची शिस्त त्यातूनच घडली आहे. ओझरची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण धावपट्टी एचएएलची आहे आणि लगतच हवाई दलाचा दुरुस्ती तळ आहे. अशा प्रतिबंधित ठिकाणांना १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. धावपट्टी, हँगर, उभी असलेली विमाने किंवा कुंपणाची रचना चौकटीत येईल असे छायाचित्र कोणत्याही सबबीवर काढू नये, हे मुलाला निक्षून सांगावे.

मोकळ्या आकाशातील विमान टिपणे ही वेगळी गोष्ट आहे, हे मला मान्य आहे; तरीही ओझरमध्ये तेसुद्धा टाळावे असेच मी सांगेन. कारखान्यातून बाहेर पडणारे विमान बऱ्याचदा चाचणीवर असते. त्याच्या शेपटीवरचा क्रमांक, पंखाखाली काय टांगले आहे, ते किती वाजता गेले आणि किती वाजता परतले, हे सारे एका फोटोत कळत नाही. पण महिनाभर रोज काढून समाजमाध्यमांवर टाकलेल्या फोटोंतून एक वेळापत्रकच तयार होते, आणि मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपसूक जोडलेली असते. २०२५ च्या मे महिन्यात नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने संरक्षण दलांच्या धावपट्ट्यांवरून, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, ये-जा करणाऱ्या प्रवासी विमानांना दहा हजार फुटांखाली खिडक्यांचे पडदे बंद ठेवण्याचा आदेश दिला होता, त्यामागची चिंता हीच होती. आपण त्या कारखान्याचे शेजारी आहोत, आणि शेजाऱ्यावर इतरांपेक्षा थोडी अधिक जबाबदारी येते.

मग मुलाने शिकावे कुठे? नांदूरमध्यमेश्वरला. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेले हे पाणथळ ओझरहून फार लांब नाही. पाण्यावरून झेपावणाऱ्या दलदल हारिण या शिकारी पक्ष्याला चौकटीच्या मध्यभागी धरून कॅमेरा त्याच्याबरोबर वळवत नेणे, हे विमानाबरोबर कॅमेरा वळवण्याइतकेच किंबहुना अधिक कठीण आहे, कारण पक्षी दिशा बदलण्यापूर्वी कोणाला विचारत नाही. दोन हिवाळे तिथे काढले की हात बसतो. त्यानंतर मुंबईला जावे. तिथे बहुतेक दिवस विमाने पूर्वेकडून, घाटकोपर आणि कुर्ल्याच्या वस्तीवरून खाली येत उतरतात आणि सार्वजनिक रस्त्यावरूनही दिसतात. ओळखपत्र जवळ असावे, आणि पोलिसांनी हटकले तर वाद न घालता निघून यावे. विषम वर्षांत फेब्रुवारीमध्ये बंगळुरूच्या येलहंका तळावर भरणारे एरो इंडिया आणि सम वर्षांत हैदराबादच्या बेगमपेठेत भरणारे विंग्ज इंडिया ही दोन प्रदर्शने मात्र चुकवू नयेत, कारण तिथे सामान्य माणसालाही तिकीट काढून उजळ माथ्याने विमानांचे फोटो काढता येतात. टोकियोच्या हानेदा विमानतळावर प्रवाशांशिवाय इतरांसाठीही मोकळी गच्ची आहे आणि शाळकरी मुले तिथे कॅमेरे घेऊन उभी असतात. आपल्या नागरी विमानतळांवर, निदान जिथे संरक्षण दलांचा संबंध नाही तिथे, अशी एखादी जागा असायला हवी, हे माझे जुने आणि ठाम मत आहे.

नोकरीचे म्हणाल तर निव्वळ विमानांच्या छायाचित्रणावर घर चालवणारी माणसे आपल्या देशात फार थोडी आहेत. सैन्यदलांचे आणि मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे छायाचित्रकार असतात, पण त्या जागा मोजक्याच. मुलाला पदवी घेऊ द्यावी, जमल्यास विमान देखभालीचा अभ्यासक्रम करू द्यावा. विमान कसे उडते हे ज्याला कळते त्याला धावपट्टीवर उभे राहू देण्यास अधिकारी तयार होतात. लेन्स जुनी घ्यावी. १००-४०० मिमीची वापरलेली लेन्स शिकण्यासाठी पुरेशी आहे.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे काम करतो. विमानांच्या कामाकडे वळण्याची इच्छा आहे. या व्यवसायातला प्रत्यक्ष दिवस कसा असतो? (एक छायाचित्रकार, सिन्नर)

उत्तर : मासिकांच्या मुखपृष्ठांवर दिसते ते काम वर्षातून एखाद्या वेळी मिळते. रोजचे काम वेगळे असते आणि मला ते तितकेच मोलाचे वाटते. आपल्याकडच्या विमान कंपन्यांची बरीचशी विमाने भाड्याची असतात. भाडेकरार संपून विमान मालकाकडे परत जाते तेव्हा त्याच्या अंगावरचा प्रत्येक पोचा, प्रत्येक दुरुस्तीचे ठिगळ, इंजिनावरची आणि चाकांच्या खांबावरची क्रमांकाची पट्टी यांची नोंद छायाचित्रांसह करावी लागते. बोटभर लांबीच्या त्या धातूच्या पट्टीवर तेलाचा थर असतो, अक्षरे कोरलेली असतात आणि समोरून प्रकाश टाकला तर पट्टी चकाकून अक्षरे नाहीशी होतात. दिवा अगदी बाजूने, पट्टीला जवळजवळ समांतर धरला की कोरीव अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि क्रमांक वाचता येतो. हे काम रात्री, हँगरमध्ये, गुडघ्यांवर बसून करायचे असते. त्यात चुकीचा अंक वाचला गेला तर मोठ्या रकमेचा वाद उभा राहतो, म्हणून हे काम करणाऱ्याला मान असतो. याशिवाय विक्रीला निघालेल्या खासगी विमानांच्या अंतर्भागाचे फोटो, विमानतळाच्या बांधकामाच्या प्रगतीचे फोटो, धुळे किंवा शिरपूरसारख्या ठिकाणच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माहितीपत्रके, अशी कामे असतात. लग्नाच्या कामातून आपल्याला आलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडेल : पुन्हा न घडणारा क्षण वेळेवर टिपण्याची सवय.

जी गोष्ट नव्याने शिकावी लागेल ती म्हणजे एप्रनवरची, म्हणजे विमाने उभी असतात त्या आवारातील शिस्त. प्रवेशपत्र आणि सोबतचा अधिकारी याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. अंगात चमकत्या पट्ट्यांचे जॅकेट आणि कानांत बोळे हवेत. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकू लागला की इंजिन सुरू होणार किंवा झाले आहे असे समजून जागच्या जागी थांबावे. इंजिनाच्या समोर आणि मागे कधीही जाऊ नये, हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे तर नाहीच. सर्वांत मोठा धोका आपल्याच खिशात असतो. लेन्सचे झाकण, सुटी बॅटरी, मेमरी कार्डाची डबी, ट्रायपॉडचा एखादा स्क्रू यांपैकी काहीही खाली पडले आणि इंजिनाने ओढून घेतले तर आतली पाती निकामी होतात. म्हणून जाताना बरोबरच्या वस्तूंची यादी एका कार्डावर लिहावी, शक्य त्या वस्तू दोरीने बांधाव्यात, आणि बाहेर पडण्यापूर्वी यादीतील प्रत्येक वस्तूला हात लावून खूण करावी. एक जरी कमी भरली तरी तिथल्या तिथे सांगावे, मग विमान थांबवून शोध घ्यावा लागला तरी बेहत्तर. असे सांगणाऱ्या छायाचित्रकारावर कोणी रागावत नाही. लपवणाऱ्याला मात्र पुन्हा आत घेत नाहीत.

प्रश्न : हेलिकॉप्टर आणि पंख्याच्या विमानांचे माझे फोटो हवेत टांगलेल्या खेळण्यांसारखे दिसतात. शिवाय दुपारी काढलेले सगळे फोटो धूसर येतात. लेन्स बदलावी का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : लेन्स बदलू नये. पहिला दोष शटरच्या वेगाचा आहे. एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानाचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. शटर १/१००० सेकंदावर ठेवले तर तेवढ्या वेळात पाते जेमतेम सात अंश फिरते आणि थबकलेले दिसते. १/१२५ ला ते सुमारे ५८ अंश फिरते आणि पाती सहा असल्याने जवळजवळ पूर्ण चकती उमटते. चीता हेलिकॉप्टरच्या वरच्या पंख्याचे फेरे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास असतात, त्यामुळे १/१२५ सुद्धा तिथे वेगवान ठरते आणि १/६० पर्यंत खाली यावे लागते. इतक्या मंद वेगात विमान स्वतः स्पष्ट येण्यासाठी कॅमेरा त्याच्याबरोबर कमरेतून वळला पाहिजे, नुसत्या मनगटातून वळून चालत नाही. दहांतला एक फोटो जमला तर समाधान मानावे. जेट विमानाला हा प्रश्न नाही, तिथे १/१००० च्या पुढे खुशाल जावे.

धूसरपणाचे कारण तापलेली जमीन आहे. एप्रिलमध्ये अकरानंतर डांबरावरची हवा थरथरू लागते, आणि दूरवरच्या विमानावरची व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे चुलीवरच्या वाफेतून पाहावीत तशी हलतात. ही थरथर जितकी लांबची तितकी जास्त, म्हणून मोठी लेन्स घेतल्याने ती वाढूनच दिसते. उपाय तीनच आहेत : सकाळी लवकर जाणे, विमानाच्या जवळ जाणे, किंवा विमान जमिनीपासून वर उठेपर्यंत थांबणे. पावसाची सर येऊन गेल्यावरचा अर्धा तास मात्र सोडू नये. तेव्हा हवा धुतलेली असते, जमीन निवलेली असते, आणि दमट हवेत वेगाने वळणाऱ्या लढाऊ विमानाच्या पंखांवर बाष्पाचा पांढरा पदर तयार होतो.

प्रश्न : एका कंपनीसाठी मी त्यांच्या हेलिकॉप्टरचे फोटो काढले. पैसे मिळाले, पण आता तेच फोटो कंपनीने दुसऱ्यांनाही दिल्याचे दिसते, आणि कुठेही माझे नाव नाही. मी हक्क सांगू शकतो का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : आपल्यासारख्या प्रसंगात कायदा पहिल्या मुद्द्यावर कंपनीच्या बाजूने झुकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला घेऊन एखाद्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याची असते. पगारी नोकरीत काढलेल्या छायाचित्रांचेही साधारण तसेच. म्हणून फोटो कंपनीने इतरांना दिले यावर आक्षेप घेणे कठीण आहे. नावाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. कलम ५७ नुसार आपली निर्मिती आपली आहे असे सांगण्याचा हक्क मालकी दुसऱ्याची असली तरी छायाचित्रकाराकडे राहतो, तेव्हा श्रेय मागणारे पत्र आपण जरूर पाठवावे, आणि भाषा सौम्य ठेवावी, कारण हे क्षेत्र लहान आहे.

पुढच्या कामापूर्वी एक पानी का होईना, करार करावा. मालकी माझी राहील, कंपनीला अमुक वर्षे अमुक कारणासाठी वापरता येईल, नाव छापले जाईल, एवढी तीन वाक्ये त्यात असावीत. मालकी आधीपासून आपली असेल आणि ती लेखी देताना मुदत लिहिलीच नाही, तर कलम १९ नुसार ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरती. विमानांच्या छायाचित्रांना वीस-वीस वर्षांनीही मागणी येते, विशेषतः ती विमाने सेवेतून गेल्यावर. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले तेव्हा जुन्या छायाचित्रांचा शोध सगळ्यांनाच घ्यावा लागला. ज्यांच्याकडे मूळ फाइल, तारीख आणि परवानगीचे पत्र एकत्र जपलेले होते त्यांचेच फोटो निर्धास्तपणे छापता आले.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाचे आकाशातून फोटो काढावेत अशी इच्छा आहे. भाड्याचे हेलिकॉप्टर बरे की ड्रोन? (एक छायाचित्रकार, पंचवटी)

उत्तर : दोन्हींसाठी परवानगीला आत्तापासून लागावे, कारण पर्वणीच्या दिवसांत गर्दीवरून काहीही उडवण्यास प्रशासन सहजी होकार देणार नाही, आणि ते योग्यच आहे. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा असते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि नाशिकभोवती ओझर, गांधीनगर व देवळाली ही विमानतळाची आणि लष्करी ठिकाणे असल्याने आपली जागा नकाशावर कोणत्या रंगात पडते हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये. हेलिकॉप्टरमधून फोटो घ्यायचे तर लेखी परवानगी लागते आणि ती चालक कंपनीमार्फतच मागावी.

परवानगी मिळालीच, तर दार काढलेल्या हेलिकॉप्टरमध्ये पट्ट्याने स्वतःला आणि कॅमेऱ्यालाही बांधून घ्यावे. कोपर किंवा खांदा हेलिकॉप्टरच्या अंगाला टेकवू नये, नाहीतर त्याची थरथर थेट फोटोत उतरते. शटर १/१००० च्या खाली आणू नये. वैमानिकाशी आदल्या दिवशीच नकाशा पुढे ठेवून बोलावे : गोदावरी कोणत्या हाताला हवी, सूर्य कुठे असेल, किती फेऱ्या. वर गेल्यावर त्याला फक्त ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘पुन्हा एकदा’ एवढेच सांगावे, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर कारण जमिनीवर आल्यावर विचारावे.